एक्स्चेंज टाकण्याआधी डोमेन सावरलं, त्या बावीस दिवसांच्या नोंदी

जागा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. एका शिक्षण संस्थेचं कॉलेज, दोन शाळा आणि मुलींचं वसतिगृह. खाती साधारण १३०. कॉलेज आणि शाळा यांच्यात संस्थेची स्वतःची वायरलेस लिंक आहे. बाहेरचं इंटरनेट आठवड्यातून दोनदा तरी बसतं. त्या वेळीही आतला पत्रव्यवहार चालू राहिला पाहिजे, असा सचिव साहेबांचा हट्ट. म्हणून मेल सर्व्हर कॉलेजातच, मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज २०१९. ते विंडोजच्या डोमेनवर, म्हणजे संस्थेची सगळी खाती आणि मशीनं एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर, बसतं. "फुकटचं क्लाउडवालं घ्या ना" हे मी तीनदा सांगून झालं आहे, पुन्हा कोणी सांगू नका.

कमांडा तोंडानं म्हणतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.

२९ एप्रिल २०२३, शनिवार

नवा सर्व्हर आला. ६४ जीबी रॅम. मायक्रोसॉफ्टची मेलबॉक्स सर्व्हरसाठीची शिफारस १२८ जीबीची आहे, पण १३० माणसांसाठी एवढ्यात भागवतो. खाली हायपर-व्ही, वर दोन व्हर्च्युअल मशीन: एक डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर), एक एक्स्चेंज. दोन्हींवर विंडोज सर्व्हर २०१९.

माझा अंदाज होता की डोमेनची तयारी एका दुपारचं काम. एडी (अॅक्टिव्ह डिरेक्टरी) म्हणजे डोमेनची नोंदवही, स्कीमा म्हणजे तिच्यातल्या रकान्यांचा आराखडा. स्कीमा वाढवायचा, एडी एक्स्चेंजसाठी तयार करायची, झालं. सध्याचा डीसी म्हणजे ऑफिसातल्या कोपऱ्यात ठेवलेलं विंडोज सर्व्हर २००८ आर२ चं टॉवर मशीन. त्यावर बसून "नेटडॉम क्वेरी एफएसएमओ" मारलं. रोल म्हणजे एका वेळी एकाच डीसीकडे राहणाऱ्या खास जबाबदाऱ्या. पाचपैकी तीन रोल त्याच मशीनवर. स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर मात्र अशा मशीनवर की ज्याचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. पिंग केलं, उत्तर नाही.

ऑफिसात विचारलं तर बाबू म्हणाले, "ते शाळेतलं अशीन जी. लॉकडाऊनपासून बंद हाय."

३० एप्रिल, रविवार

शाळेत गेलो. स्टोअररूममध्ये पोषण आहाराच्या तांदळाच्या कट्ट्यांमागे एक बेज रंगाचा डबा सापडला. वर घुशीनं कुरतडलेलं कव्हर, आत विंडोज सर्व्हर २००३. मार्च २०२० पासून बंद, म्हणजे तीन वर्षांच्या वर.

आता मोह काय होतो बघा. मशीन चालू करावं, केबल लावावी, रोल नीट विचारून नव्या घरी न्यावेत आणि याला निरोप द्यावा. शिपाई काकांनी तर केबल हातात धरूनच ठेवली होती. "लावू का जी?" मी जवळजवळ हो म्हटलंच होतं.

नाही म्हणायचं कारण टूम्बस्टोन. एडीत काही पुसलं की ते लगेच जात नाही, पुसल्याची खूण काही दिवस राहते. ती मुदत नव्या फॉरेस्टमध्ये (फॉरेस्ट म्हणजे एडीतला सगळ्यात वरचा गट, त्यात डोमेन येतात) १८० दिवस, आणि सेटिंग रिकामं असेल तर ६०. आमचं रिकामंच होतं, हे कॉलेजात पाहून आलो होतो. त्या मुदतीनंतर जागा झालेल्या डीसीला मधल्या काळात कोण गेलं याचा पत्ता नसतो. सेटिंग ढिलं असलं तर नोकरी सोडून गेलेल्या शिक्षकांची खाती तो परत आणून बसवू शकतो.

केबल न लावता फक्त चालू करून पाहिलं. आश्चर्य म्हणजे सुरू झालं. लगेच बंद केलं, हार्डडिस्क काढली आणि तिच्यावर मार्करनं लिहिलं, "नेटवर्कवर लावू नये". डिस्क माझ्या बॅगेत. डबा तांदळामागे परत.

२ मे, मंगळवार

रोल हिसकावून घेण्याआधी २००८ आर२ चा सिस्टीम स्टेट बॅकअप, यूएसबी डिस्कवर. त्यातच दोन तास गेले, कारण विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर त्या मशीनवर टाकलेलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं या डोमेनचा एकही बॅकअप नाही. सचिव साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पण काही झालं नाही ना?"

मग एनटीडीएसयूटिल, एडीच्या दुरुस्तीची कमांड. "सीझ स्कीमा मास्टर" दिलं की ते आधी सभ्यपणे रोल मागून पाहतं, उत्तर मिळालं नाही की मगच हिसकावतं. मधल्या मिनिटात स्क्रीनवर एररचा मोठा ढीग येतो. घाबरून खिडकी बंद करू नका, शेवटी रोल आलेला असतो. डोमेन नेमिंगचं तसंच.

त्यानंतर मेटाडेटा साफ. मेलेल्या डीसीचं नाव साइट्स अँड सर्व्हिसेसमधून (कोणता डीसी कोणत्या जागी याची यादी) काढलं, डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) त्याचा ठावठिकाणा सांगणारी एनएस आणि एसआरव्ही रेकॉर्ड हातानं पुसली. एसआरव्ही वेगवेगळ्या फोल्डरांत पसरलेली असतात. मी पहिल्या फेरीत दोन विसरलो, ती दोन दिवसांनी सापडली.

४ मे, गुरुवार

आज काहीच काम नाही, नुसती आग विझवली.

रात्री लाईन गेली ती सकाळी सातला आली. यूपीएसनं चार मिनिटं साथ दिली. सकाळी ऑफिसात कोणाचंच लॉगिन होईना. डीसीसमोर बसलो तर खालच्या कोपऱ्यात साल २००९. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. लाईन गेली की मशीनचं घड्याळ जन्मतारखेला जातं. लॉगिन तपासणाऱ्या करबेरॉसला पाच मिनिटांच्या वरचा फरक चालत नाही, इथे तर चौदा वर्षांचा होता.

सीआर२०३२ सेल बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, ४० रुपये. त्यानं विचारलं, "कोणत्या घड्याळाचा?" मी म्हटलं, कॉलेजच्या. तो म्हणाला, "भिंतीवरच्याला हा लागत नाही जी."

सेल बदलला, मग पीडीसी रोल (डोमेनची वेळ ठरवणारा) असलेल्या या मशीनला "डब्ल्यू३२टीएम" वापरून बाहेरचा टाइम सोर्स दिला, भारताचा एनटीपी पूल. याआधी ते स्वतःच्याच घड्याळावर विसंबून होतं. नवा डीसी अजून उभा नव्हता म्हणून वाचलो. दोन डीसी असते आणि त्यातला एक २००९ मध्ये गेला असता तर रेप्लिकेशनचा (डीसींमधल्या नोंदींच्या देवाणघेवाणीचा) काय चिवडा झाला असता याचा विचार नको.

यूपीएसच्या दोन्ही बॅटऱ्या बदलायला सांगितल्या. सर्व्हररूममधला कूलरही बाहेर काढायला लावला. मे महिन्यात खोली भट्टी होते हे मान्य, पण कूलरची ओली हवा थेट सर्व्हरच्या तोंडावर मारायची आणि वर पाण्याची टाकी एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी ठेवायची, हे काही बरं नाही. जुना खिडकीचा एसी आहे, तो दुरुस्त होतो का बघतायत.

६ मे, शनिवार

नवा २०१९ डीसी उभा करायला घेतला. विझार्ड तपासणीतच अडला: डोमेनची सिसव्हॉल (डीसींचं सामायिक फोल्डर) अजून एफआरएस या फाइलींच्या नकला पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवर चालते, २०१९ ला ते चालत नाही, आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर या. हे २००३ च्या काळातलं डोमेन, म्हणजे अपेक्षितच होतं. तरी मी आधी पाहिलं नव्हतं, ही माझी चूक.

डीएफएसआरवर यायला डोमेनची फंक्शनल लेव्हल (किमान कोणत्या विंडोजचे डीसी चालतील ती पातळी) निदान २००८ लागते. आमची २००३. मेलेला २००३ डीसी मंगळवारी काढला होता म्हणून ती वर चढवता आली, नाहीतर इथेही अडलो असतो.

मग "डीएफएसआरमिग". पायऱ्या चार: शून्य म्हणजे सुरुवात, एक म्हणजे तयारी, दोन म्हणजे वळवणं, तीन म्हणजे जुनं संपवणं. दोनपर्यंत मागे फिरता येतं, तीनवर गेलं की परतीची वाट नाही. एकच डीसी शिल्लक आहे, प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटं लागतील असं धरून "सेट ग्लोबल स्टेट १" दिलं आणि चहाला गेलो.

परत आलो, झालं नव्हतं. जेवून आलो, नव्हतं. पाच वाजता, नव्हतं. "गेट मायग्रेशन स्टेट" एकच सांगत राहिलं: सगळे डीसी अजून पोचले नाहीत. शेवटची एसटी साडेपाचला, निघालो.

७ मे, रविवार

घरून रिमोटनं बसलो. "डीएफएसआरडायग पोलएडी" मारून पाहिलं, सर्व्हिस बंद-चालू केली, इव्हेंट लॉग वाचला. सगळं ठीक म्हणतंय आणि पुढे सरकत नाही. दुपारी दीडला इंटरनेट गेलं, दिवस संपला.

८ मे, सोमवार

कारण सापडलं आणि स्वतःवरच चिडलो. "गेट मायग्रेशन स्टेट"च्या आउटपुटमध्ये खाली न पोचलेल्या डीसींची यादी असते. मी पहिली ओळ वाचून दर वेळी खिडकी बंद करत होतो. यादीत एक नाव होतं, आणि ते शाळेतल्या मशीनचं नव्हतं. तिसरंच.

डोमेन कंट्रोलर्सच्या ओयूमध्ये (एडीतला कप्पा) एक जुनं कॉम्प्युटर खातं पडलेलं. साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये त्याचं काही नाही, डीएनएसमध्ये नाही, फक्त हे खातं. कधीतरी कोणीतरी डीसी फॉरमॅट मारला आणि अर्धीच झाडलोट केली. मायग्रेशन त्याची वाट पाहत बसलं होतं. "चुकून पुसण्यापासून संरक्षण"ची खूण काढली, खातं पुसलं. सात मिनिटांत पहिली पायरी पार. दुसरी आणि तिसरी मिळून अर्धा तास. प्रत्येक पायरीनंतर "नेट शेअर" मारून सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन दिसतात का ते पाहिलं.

दीड दिवस गेला तो एका अर्धवट वाचलेल्या आउटपुटपायी.

१० मे, बुधवार

तपासणी पार, तरी प्रमोशन (नव्या मशीनला डीसी बनवणं) मध्येच पडलं: डोमेन सापडत नाही. पुन्हा केलं, सापडलं. तिसऱ्यांदा, नाही. असं कधी हो कधी नाही दिसलं की डीएनएस. जुन्या डीसीच्या नेटवर्क कार्डावर दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ भरलेला, आणि मीही नव्या मशीनवर तोच कित्ता गिरवलेला. कोणी म्हणेल, दुसरा तर आहे, पहिला बंद पडला तरच वापरेल. प्रत्यक्षात पहिल्यानं उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं, आणि गूगलला आमच्या कॉलेजचं आतलं डोमेन कसं माहीत असणार? दोन्ही ठिकाणचा बाहेरचा डीएनएस काढला आणि तो डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (बाहेरची नावं कोणाला विचारायची ती यादी) टाकला. त्याची जागा तिथेच.

प्रमोशन झालं. विंडोजचा स्वतःचा स्कीमा ४७ वरून ८८ वर गेला, ते काम २०१९ चा विझार्ड आपणहून करतो. पाचही रोल नव्या डीसीवर हलवले, या वेळी सभ्यपणे. टाइम सोर्सही नव्या पीडीसीला पुन्हा द्यावा लागतो, रोलबरोबर तो हलत नाही.

१२ मे, शुक्रवार

एक्स्चेंज २०१९ ला फॉरेस्ट लेव्हल २०१२ आर२ लागते, त्यामुळे २००८ आर२ ला जावंच लागणार. डिमोट केलं, म्हणजे डीसीपद काढलं, नीट गेलं. लेव्हल वर चढवली, २०१६ वर. मशीन बंद करून प्लग काढला आणि खुशीत घरी गेलो.

आता फॉरेस्टमध्ये एकच डीसी. दुसरा हवा हे मला कळतं, त्याच्या लायसनचे पैसे मात्र सचिव साहेबांना कळत नाहीत. तोवर रोजचा सिस्टीम स्टेट बॅकअप.

१३ मे, शनिवार

सकाळी आठला फोन. परीक्षा विभागाचं काम बंद, लॅब बंद, सगळ्या मशीनांवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता. डीएचसीपी, मशीनांना पत्ते वाटणारी सेवा! जुन्या टॉवरवर डीएचसीपी सर्व्हरही चालत होता आणि काल मी त्याचाच प्लग काढला.

फोनवरून शिपाई काकांकडून प्लग लावून घेतला. तरी अर्ध्याच मशीनी आल्या, कारण उरलेल्यांना पत्ता मिळाला पण सोबत मिळालेला डीएनएस जुन्या डीसीचा, आणि तिथे आता डीएनएस नाही. पोचून स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) नव्या डीसीवर नेला, डीएनएससाठीच्या ऑप्शन ६ मध्ये नवा पत्ता भरला. दोन प्रिंटरांना डीएनएस हातानं भरलेला होता, ते दुपारी सापडले.

जुना सर्व्हर बंद करण्याआधी त्यावर अजून काय काय चालतं याची यादी करतात, हे मी दुसऱ्यांना पंधरा वर्षं सांगत आलोय.

१५ मे, सोमवार

खात्यांची साफसफाई. डोमेन अॅडमिन्समध्ये अकरा माणसं, त्यात प्राचार्य, दोन बाबू आणि एक निवृत्त ग्रंथपाल. सुरक्षेचं सोडा, मेलसाठीही हे वाईट. अॅडमिन गटातल्या खात्यांवर वरून येणाऱ्या परवानग्या विंडोज दर तासाला तोडत राहतं, त्यामुळे एक्स्चेंजच्या परवानग्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत आणि फोनवर मेल जोडताना अडतं. प्राचार्यांच्याच फोनवर मेल आली नसती म्हणजे माझं काय झालं असतं! सगळ्यांना गटातून काढलं. नुसतं काढून भागत नाही, प्रत्येक खात्याच्या सिक्युरिटीच्या पानावर जाऊन इनहेरिटन्स (वरून परवानग्या येणं) पुन्हा चालू करावं लागतं.

आतलं डोमेन "डॉट लोकल" आहे. नोव्हेंबर २०१५ पासून अशा नावाला बाहेरचं सर्टिफिकेट मिळत नाही. डोमेनचं नाव बदलायच्या भानगडीत पडलो नाही. संस्थेच्या खऱ्या डोमेनचा यूपीएन सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) जोडला, सगळ्या खात्यांना तो लावला, आणि आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाचा झोन (त्या नावाखालच्या पत्त्यांची यादी) केला. झोन करताना संस्थेच्या वेबसाइटचं रेकॉर्ड घालायला विसरलो, तासाभरात "साईट उघडून नाही राहिली" म्हणून तीन फोन.

१७ मे, बुधवार

आजचा दिवस एका नावावर गेला. एडी तयार करताना एक्स्चेंज संघटनेचं नाव मागतं. ते एकदा दिलं की बदलता येत नाही. रोमन अक्षरं, आकडे, मधली मोकळी जागा आणि हायफन एवढंच चालतं, लांबी ६४ पर्यंत.

सचिव साहेबांना संस्थेचं पूर्ण नाव देवनागरीत हवं होतं. चालत नाही. मग रोमनमध्ये पूर्ण, "श्री"सकट आणि संस्थापकांच्या आद्याक्षरांमागच्या टिंबांसकट. टिंब चालत नाही. "टिंबाशिवाय संस्थापकांचं नाव कसं लिहिता?" हा प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की हे नाव बाहेरच्या कोणाला दिसत नाही, मेलच्या पत्त्यात येत नाही, आत एका कपाटावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं आहे. ते म्हणाले, "मग त्याच्यासाठी एवढी मीटिंग काऊन घेतली जी?" शेवटी चार अक्षरी संक्षेप ठरला.

२० मे, शनिवार

एक्स्चेंजच्या सीयू १३ (एकत्रित अपडेट) ची आयएसओ घरून उतरवून आणली. पाच जीबीच्या वरची फाइल, पेनड्राइव्ह फॅट३२, ती ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही. हे सकाळी सहाला, एसटी पकडायच्या आधी कळलं. एनटीएफएस करून पुन्हा कॉपी, सातची गाडी चुकली.

एक्स्चेंजच्या मशीनवर डॉटनेट ४.८, व्हिज्युअल सी++ २०१२ आणि एडीची रिमोट टूल्स. स्कीमा वाढवण्याआधी डीसीचा ताजा बॅकअप, कारण स्कीमात जे घातलं ते परत काढता येत नाही. यूपीएसमध्ये नव्या बॅटऱ्या, तीन ठिकाणी विचारून खात्री केली की दुपारी लाईन जाणार नाही. दोन वाजता सुरू.

पहिला फटका: स्लॅश "प्रिपेअरस्कीमा"सोबत मी जुनाच लायसन मान्य असल्याचा स्विच (कमांडीमागचा पर्याय) दिला, वर्षानुवर्षं पाठ असलेला. सेटअपनं तो ओळखलाच नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून त्याच्या मागे "डायग्नोस्टिक डेटा ऑन" किंवा "ऑफ" जोडावं लागतं. ऑफ दिलं.

दुसरा फटका: स्कीमा अॅडमिनचा अधिकार नाही. अर्ध्या तासापूर्वी मीच मला त्या गटात आणि एंटरप्राइज अॅडमिन्समध्ये घातलं होतं, पण लॉगऑफ करून परत आलो नव्हतो. गट बदलला की नवं लॉगिन लागतं. लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट.

तिसरा फटका वेगळा होता: हे मशीन स्कीमा मास्टरच्या साइटमध्ये नाही. एकाच खोलीत, एकाच डब्यात असलेली दोन मशीनं! साइट्स अँड सर्व्हिसेस उघडलं तर शाळेच्या साइटवर एक भलामोठा सबनेट (पत्त्यांचा पट्टा) टाकलेला, त्यात कॉलेजच्या सर्व्हरांचा पट्टाही येत होता. डीसी हातानं कॉलेजच्या साइटमध्ये ठेवलेला, एक्स्चेंजचं मशीन पत्त्यावरून शाळेत मोजलं गेलं. कॉलेजचा सबनेट वेगळा घातला, नेटलॉगॉन सर्व्हिस पुन्हा सुरू केली, "एनएलटेस्ट"नं साइट पाहिली. आता बरोबर.

चौथ्यांदा चाललं. टक्केवारी सरकताना मी आणि शिपाई काका दोघंही पंख्याकडे बघत होतो, पंखा फिरतोय म्हणजे लाईन आहे. १४ मिनिटं. एडीएसआय एडिटमध्ये एक्स्चेंज स्कीमा व्हर्जनची "रेंजअप्पर" किंमत १७००३. हाच आकडा हवा.

मग स्लॅश "प्रिपेअरएडी", संघटनेचं नाव देऊन. एकही एक्स्चेंज आधी नव्हतं याबद्दल एक-दोन इशारे आले, ते येणारच. सहा मिनिटं. एक्स्चेंज सिक्युरिटी ग्रुप्सचा ओयू तयार झाला, आत ऑर्गनायझेशन मॅनेजमेंट वगैरे गट दिसले. डोमेन एकच असल्यानं सगळी डोमेनं तयार करण्याची तिसरी पायरी लागत नाही, ज्या डोमेनमध्ये बसून एडी तयार करता ते त्यातच तयार होतं.

काम संपल्यावर स्वतःला स्कीमा अॅडमिन्समधून काढलं.

आतापर्यंतचा वरखर्च: बॅटऱ्या ३,६००, यूएसबी डिस्क ४,१००, सेल ४०, एसटी आणि पेट्रोल मिळून १,७५०. मूळ कामाची वेळ वीस मिनिटं.

२१ मे, रविवार

डीसीची तपासणी करणारं डीसीडायग स्वच्छ. एक्स्चेंजच्या मशीनवर उरलेल्या गोष्टी टाकल्या: यूसीएमए, व्हिज्युअल सी++ २०१३, आयआयएसचं यूआरएल रीराइट. मेलबॉक्स रोल, म्हणजे खुद्द एक्स्चेंज, पुढच्या शनिवारी, त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवीन.

दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन. "तुम्ही आमच्या मशीनची डिस्क नेली म्हणे. त्याच्यात २०१४ ची गुणपत्रकं आहेत, एका मुलाला दाखल्यासाठी पाहिजेत." डिस्क अजून बॅगेतच होती. जुनी आयडीई डिस्क, यूएसबी अडॅप्टरला लावून माझ्या लॅपटॉपवर नुसती फाइल्ससाठी उघडली. गुणपत्रकं सापडली, एक्सेलमध्ये, जुन्या मराठी फॉन्टात. फॉन्टही त्याच डिस्कवर मिळाला. दोन्ही पेनड्राइव्हवर घेऊन बाईंना दिले. डिस्क कॉलेजच्या तिजोरीत ठेवली, मार्करवर सेलोटेप मारून.